आतल्या खोलीतली हळद

हळदीला उजेड नसतो, उजेडाचा धिंगाणा असतो. डीजेवाला जांभळे, निळे, हिरवे दिवे गरागरा फिरवतो, मांडवाला पिवळं-गुलाबी कापड ताणलेलं असतं, नवरीचं तोंड हळदीने माखलेलं असतं, आणि त्यातून घरचे सांगतात, "ताई, फोटो एकदम क्लियर पायजे हां." अरे बाबांनो, क्लियर कुठून येणार? कॅमेऱ्याला धड काही दिसतच नाही. लेन्स पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, घर्र घर्र करत बसते. तोवर हळद लावणारी बाई हळद लावून, नवरीच्या तोंडात साखर घालून, जेवायच्या पंगतीत जाऊन बसलेलीही असते. फ्लॅश वर छताकडे मारावा, तर तो पिवळ्या कापडाचा रंग घेऊन खाली येतो आणि सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. समोरून थेट मारावा, तर घामेजलेली कपाळं चकाकतात आणि मागचं सगळं काळंठिक्कर. हे मला कोणी शिकवलं नाही. लोकांची बोलणी खाऊन शिकले.

आमचं दुकान शहापुरात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत ऑर्डरी. हे सगळं नवरा बघायचा. मी नुसती काउंटरवर बसायची आणि फोटो कापायची. तो गेला तेव्हा त्याने पुढच्या लग्नांच्या तारखा लोकांना देऊन ठेवलेल्या. त्यातले काही जण भेटायला आले आणि मग हळूच म्हणाले, आमच्या लग्नाचं काय? राग आला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी कॅमेरा उचलला. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली. नवरा नसलेली बाई लग्नघरात कशी जाणार? मी म्हटलं, घर कसं चालवायचं ते तुम्ही सांगा, मग बसते कोपऱ्यात.

आणि गंमत बघा. लग्नघरात मला कोणी अडवलंच नाही. कॅमेरा हातात असला की मी बाई राहायचीच नाही, फोटोवाली व्हायची. कपाळाला एक बारीकशी टिकली लावायची, पँटवर लांब कुडता, खांद्याला बॅग. नवरीच्या आत्यापेक्षा, मामीपेक्षा मी जवळ उभी. हळदीचं बोट गालाला लागतं तेव्हा माझी लेन्स तिथून हातभर अंतरावर. ओटी भरताना मी, मंगळसूत्र बांधताना मी. "ताई, इकडून घ्या, ताई, माझा पण एक घ्या." सुरुवातीला मला आतल्या आत हसू यायचं. मग त्याचाही राग यायला लागला. मग सवय झाली. माझ्या माहेरी, शेणव्याला, सख्ख्या भाचीच्या हळदीला मी कॅमेरा न घेता गेले होते, तर वहिनीने मला लाडू वळायला बसवलं. पुढच्या लग्नाला कॅमेरा घेऊन गेले.

तर मी सांगतेय ते लग्न होतं मुरबाडच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की लागतं अशा एका गावात. मे महिना. नवरीचा बाप आधीच्या पावसाळ्यात गेला होता. आमच्याकडे घरात असं माणूस गेलं की लग्न एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. पोरीचं लग्न ठरलेलं होतं, मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, म्हणून काकाने पुढे होऊन घाईघाईने लग्न काढलं. मला फोन त्या काकाचाच आला. माणूस वाईट नव्हता. "भावाची पोर हाय, काय कमी नाय पडाया पायजे," असं म्हणाला.

मी जीपने गेले ती ऊन उतरता उतरता. घर जुनं, पुढचा भाग विटांचा, मागचा कुडाचा. म्हणजे कारवीच्या काटक्या उभ्या करून वर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंती. आणि आमच्या बाजूच्या जुन्या घरांत आतली भिंत छपरापर्यंत जात नाही. माणसाच्या डोक्याच्या वर थोडी जाते आणि संपते. वर सगळं एकच छप्पर. एका खोलीत कोणी खोकलं तर दुसऱ्या खोलीतलं माणूस "पाणी देऊ का?" विचारतं. हे सांगतेय कारण पुढे सगळं त्या भिंतीवरच आलं.

बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या होत्या. पुढच्या खोलीतल्या प्लगांवर डीजेवाल्याने कब्जा केलेला, म्हणून मी आत गेले. तिथे अंधारात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. बल्ब होता, पण त्याची वायर काढून मांडवात नेलेली. फिकट लुगडं, कपाळ कोरं, गळा मोकळा. समोर सूप होतं, पण हात चालत नव्हता. मला कळायला वेळ लागला नाही. नवरीची आई.

"प्लग हाय, पन लाईट नाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमी फोटोवाली ना? पोर दिसते कशी?"

मी म्हटलं, "तुम्ही नाही बघितली?"

"सकाळपासून नाय. आज मी समोर नाय जायाचा."

पोरगी तिच्यापासून चार भिंतींच्या पलीकडेही नव्हती. एका कुडाच्या पलीकडे, मांडवात पाटावर बसलेली. गाणी ऐकू येत होती, बायकांचं हसू ऐकू येत होतं, पोरीचा आवाजसुद्धा मधूनच ऐकू येत होता. आणि ही इथे. नवरा मेला त्यात हिने काय केलं होतं? पण विचारणार कोणाला? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी येतानाच वाचलं होतं, ह्या गावाने विधवा प्रथा बंद केलीय म्हणून. भिंत नवीन रंगवलेली होती.

मी बाहेर गेले, हळद सुरू झाली होती, काढले भराभर फोटो. नवरी चांगली हसत होती. डोक्याला मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, गालांवर ओली हळद. अशा चेहऱ्यावर कॅमेरा पटकन बसतो. त्याला काळं-पांढरं, चमक, कड, काहीतरी धरायला लागतं. नवरीच्या अंगावर धरण्यासारखं इतकं असतं की बटण अर्धं दाबलं की टिक करून फोकस बसलाच. मी मध्येच आत जाऊन आईला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवले. तिने कॅमेरा दोन्ही हातांनी असा धरला की मला भीती वाटली, पाडते की काय. "अजून दाखवा," म्हणाली. दाखवले. "आत्याने कपाळाला जास्त लावलीय," म्हणाली. "डोळ्यात जायेल पोरीच्या."

ही आत्या म्हणजे नवरीच्या बापाची थोरली बहीण. घरात तिचाच शब्द. पहिली हळद तिने लावली, बाकीच्या बायकांना तीच हाका मारत होती, कोणी कुठे बसायचं तेही तीच सांगत होती. आवाज असा की डीजेवाल्याने स्पीकर बंद केला तरी चाललं असतं. पण मध्येच एकदा भावाचा विषय निघाला तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला आणि मांडवाच्या खांबामागे जाऊन उभी राहिली, तेही मी बघितलं.

पहिला फेर झाला, नाचणाऱ्यांनी अंगण धरलं. नवरीने करवलीला पाणी आणायला धाडलं आणि माझा कुडता ओढला.

"ताई, आत चला ना. कोनाला नका सांगू."

तिच्या मुठीत आंब्याचं पान होतं, त्यात हळद. आत जाऊन ती सरळ आईच्या पुढ्यात बसली आणि पान तिच्या मांडीवर ठेवलं. "लाव."

आई दचकलीच. "येडी झालीस का गो? जा बाहेर."

"लाव आधी. मग जाते." मग माझ्याकडे वळून, "ताई, फोटो काढा. पन बत्ती नको. आत्याला वरून दिसेल."

आईने पान बाजूला सारलं. पोरीने पुन्हा मांडीवर ठेवलं. असं दोनदा झालं. मग पोरगी रडायला लागली आणि जे बोलली ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "पप्पा नाय फोटोत. आता तू पन नाय. मंग माझ्या लग्नात माझा कोन होता? सासरी सगळे अल्बम बघतील, माझा कोन दाखवू त्यांना?"

बाई गं. आईने बोटं हळदीत बुडवली.

आता माझी पाळी होती. बाहेर मांडवात मी दोन फ्लॅश स्टँडवर लावले होते, माझ्या कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरने उडणारे. आधी तो ट्रिगर काढून खिशात टाकला, नाहीतर मी आत बटण दाबायची आणि बाहेर नाचणाऱ्यांवर वीज चमकायची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद केला. तो अंधारात फोकससाठी लाल रेघा टाकतो, त्याही बंद. लेन्स पन्नासची, जास्तीत जास्त उजेड आत यावा म्हणून पार उघडी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, चढवला जितका चढतो तितका. आणि बटण अर्धं दाबलं.

घर्र. घर्र. पुढे, मागे. पुन्हा पुढे.

पोरीवर बसत होता फोकस, अंधारातही. मुंडावळी सापडत होती, चुडा सापडत होता. आईवर नेला की सुटायचा. कोऱ्या कपाळावर, मोकळ्या गळ्यावर, धुवून धुवून रंग गेलेल्या लुगड्यावर त्याला धरायला काहीच नव्हतं. मी तिच्या डोळ्यांवर नेला, तिथेही काळोख. मशीनला काय कळतंय, त्याचा काय दोष? पण मला त्या कॅमेऱ्याचा असा संताप आला की आपटावासा वाटला. तूपण मेल्या ह्यांच्यातलाच का, असं मनात म्हटलंसुद्धा.

हाताने फोकस करावा, तर माझा चष्मा मांडवातल्या बॅगेत राहिलेला, आणि चष्मा असूनही त्या काळोखात काय दिसणार होतं? मोबाइलवर एक काढून बघितला. मोबाइल म्हणतो, हलू नका. पोरगी हुंदके देतेय, आईचा हात गालावर फिरतोय, आणि हा म्हणतो हलू नका. चेहरे सारवल्यासारखे आले. मग मी मोबाइलचा टॉर्च मुठीत धरला. बोटांच्या फटींतून लालसर उजेड आला, तेवढ्यात आईच्या पापण्यांवर फोकस बसला, टॉर्च विझवला आणि भराभर काढले. पडद्यावर बघितलं तर फोकस बरोबर होता, माणसं हललेली. इतक्या कमी उजेडात कॅमेऱ्याच्या आतलं झाकण, शटर, बराच वेळ उघडं राहतं, आणि रडणारं माणूस तेवढा वेळ स्थिर बसत नाही. फ्लॅशने माणूस जागच्या जागी थांबतो, रडतानासुद्धा. फ्लॅश नसला की असा धूर येतो.

"आला का?" पोरगी विचारत होती. "ताई, आला का?"

मी म्हटलं, "नाही येत गं. दोघी जरा श्वास रोखून धरा."

धरला बिचाऱ्यांनी. तरी नाही आला.

मग आई बोलली. आवाज अगदी साधा, जेवायला वाढ म्हणावं तसा. "लाव तुजी बत्ती."

मी वर बोट दाखवलं. "भिंत बघा. बाहेर सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. एकदाच लाव. पन नीट घे, माझा हात तिच्या गालावर असा दिसला पायजे."

पोरगी नको नको करत होती, पण आईने तिची हनुवटी धरली, हळदीचा हात गालावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी फ्लॅश चालू केला. त्याच्या लाल रेघा दोघींच्या तोंडावर पडल्या, टिक झालं, आणि मी बटण दाबलं. छपराच्या वाशांपर्यंत सगळं पांढरं झालं.

फोटो बघायला मान खाली घातली. सांगते, इतक्या वर्षांत असा फोटो माझ्या हातून निघालेला नाही. आईच्या पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. मी पडदा पोरीकडे फिरवणार तेवढ्यात आत्या दारात उभी.

"काय केला तुमी ह्या?"

तिने नवरीच्या आईचे पिवळे हात बघितले, पोरीचा गाल बघितला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर राग होता त्याहून जास्त भीती होती, आणि भीतीशी भांडता येत नाही. "भाऊ गेला माझा. आता ह्या पोरीचा पन कायतरी व्हावा असा वाटतो का तुला?" असं तिने नवरीच्या आईला विचारलं. मागून आणखी बायका आल्या. कोणीतरी पोरीला दंडाला धरून उठवलं. आणि आत्या माझ्याकडे वळली.

"आनि तू गो? एवढी शिकलेली तू, तुला कळला नाय? कोनाचा हात लावून घेतेस पोरीला?"

माझं तोंड फटकळ आहे. डोक्यात तिडीक गेली की मला आवरत नाही. मी म्हटलं, "मी पण तसलीच आहे. मलाही नवरा नाही. संध्याकाळपासून पोरीच्या अंगाला अंग लावून उभी आहे, तेव्हा कोणाला काही झालं नाही ते?"

आत्याने माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ह्यांच्या डोक्यात उजेड पडेल. पडला, पण भलताच. त्यांनी पोरीला मोरीत नेऊन अंघोळ घातली, आणि ती झाल्यावर पुन्हा दुसरी घातली. दुसरी माझा स्पर्श धुवायला होती. मी भिंतीच्या अलीकडून पाण्याचे तांबे ऐकत उभी होते. उरलेली हळद केळीच्या बुंध्याशी ओतली, नवऱ्यावाल्या बायकांनी पुन्हा मुसळ धरलं, पुन्हा हळकुंडं कुटली, पुन्हा पहिल्यापासून सगळं. पोरगी पाटावर परत बसली तेव्हा तिचे केस ओले होते आणि ती हसत नव्हती. ते फोटो मी अंगणाच्या कडेला उभी राहून लांबच्या लेन्सने काढले. "तिकडूनच घे," असं काका येऊन हळू आवाजात सांगून गेला होता. दुसऱ्या दिवशी लग्नही तसंच काढलं. आईला मागच्या पडवीत, गोठ्याला लागून बसवलं होतं. मी दोनदा तिकडे गेले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "नको येऊ गो, तुलाच बोलतील."

पाठवणीच्या वेळी मात्र गाडीत बसताना पोरीने माझं मनगट घट्ट धरलं. एवढंच म्हणाली, "ताई, तो अल्बममध्ये घाला."

घालते म्हटलं.

पण लग्नाची गडबड संपते ना संपते तोच काकाचा फोन आला. तो फोटो अल्बममध्ये नको, पोरीच्या मोबाइलवरही पाठवायचा नाही. "तिकडच्यांना कळला तर पोरीला जड जायेल ताई, समजून घ्या." मी फोनवर काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

अल्बमची पानं लावायला घेतली होती तेव्हा एक दिवस दुपारी दुकानात आईच आली. मुरबाडला दवाखान्यात जाते सांगून निघाली होती आणि जीप बदलत बदलत शहापूर गाठलं होतं. मी पाणी दिलं. तिने ते न पिताच विचारलं, "हाय ना तो?"

कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. तिने खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ ती फक्त पोरीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग स्वतःकडे बघितलं, पण लगेच नजर वळवली.

"ह्याच्यातून मला काढता येते का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"मला काढा. पोरीला ठेवा. मग तिचा काका पन नको नाय म्हननार."

मी म्हटलं, "तुम्हाला काढायचं तर मग फोटो कशाला हवा? तुमच्यासाठीच काढला ना तो?"

"तिला पायजे तो. तिला म्हाइत हाय कोनाचा हात हाय. बाकीच्यांना कशाला म्हाइत असायला पायजे? उद्या पोरीचा डोका दुखला, जावई कामावर पडला, काय पन झाला, तर ह्या हातावर येईल. तिकडं ती एकटी असते."

मी कापून बघितलं. आईचा चेहरा गेला, खांदा गेला, पण हात राहिला. हात काढावा तर पोरीचा गाल जात होता. फ्लॅशशिवाय काढलेले धुरकट फोटो दाखवले. त्यात कोणाचा हात ते देवालाही कळलं नसतं, पण पोरीचं तोंडही कळत नव्हतं. ती म्हणाली, "ह्या नको. पोर नीट दिसली पायजे." मग पुन्हा तो चांगला फोटो. नुसती पोरगी आणि गालावर एक हात. मी म्हटलं, असं चालेल?

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हात रिकामा हाय. लगेच कळेल." मग जरा ओशाळून, "बांगड्या घालता येतात का ह्याच्यात? हिरव्या?"

येतात. काय येत नाही? मी लोकांना गोरं करते, पोटं आत घेते, न आलेल्या मामाला ग्रुप फोटोत उभं करते. पण त्या दिवशी मला नाही म्हणायचं होतं. म्हटलंच. "मी नाही करणार. हा खोटेपणा आहे. त्या घरी तुम्हाला कोपऱ्यात बसवलं, आता मीही बसवू?" ती शांतपणे म्हणाली, "तू नाय केलास तर त्या पोरीला काहीच नाय मिळनार. तुला बरा वाटेल तेवढाच."

आत्या हळद लावतेय तो फोटो मी उघडला. तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या कापून घेतल्या आणि आईच्या मनगटावर बसवल्या. उजेडाची बाजू जुळवली, खाली बारीक सावली दिली. काम चांगलं झालं. आई बघत होती. एकदा म्हणाली, "जास्त झाल्या, दोन काढ." काढल्या. ती पदराखालून आपलं मनगट वर करून स्क्रीनवरच्या मनगटाशी ताडून बघत होती, मी बघतेय हे कळल्यावर तिने हात खाली घेतला.

मला वाटलं, झालं. पण ती उठेना. बांगड्यांच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला गोंदलेलं होतं. तुळशीचं रोप आणि खाली ठिपके. फोकस इतका पक्का बसला होता की एकेक ठिपका मोजून घ्यावा.

"ह्या गोंदलेला सगळ्या गावाला म्हाइत हाय," ती म्हणाली. "आत्याच्या हाताला नाय."

मी माउस सोडला. म्हटलं, "हे राहू दे हो. एवढं तरी राहू दे तुमचं."

"ते गेले त्या दिवशी सगळा उतरवून घेतला माझ्या अंगावरचा. ह्या तेवढा उतरत नाय म्हनून राहिला." ती हे तक्रार केल्यासारखं नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. "तुझ्या ह्याच्यात उतरतो ना? उतरव."

मी बाजूची कातडी उचलून एकेका ठिपक्यावर ठेवत गेले. मग पानं, मग देठ. हात गुळगुळीत झाला. तिने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि स्क्रीनला नाक लागेल इतकी वाकली.

"आता वळखता येतो का?"

"नाही."

"तुला पन नाय?"

"मला पण नाही."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पाण्याचा ग्लास उचलून एका दमात संपवला. "मंग दे अल्बममध्ये लावून," ती म्हणाली.